स्वखुशीची पत्रं

१९९४ सालची गोष्ट. पंखे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या वर्षी वायर गुंडाळणारं नवं मशीन आलं. त्याआधी पंख्याच्या पोटातली तांब्याच्या तारेची वेटोळी माणसं हाताने गुंडाळत. डाव्या हाताच्या बोटांमधून तार सुटायची, उजवा हात दांडा फिरवायचा आणि ओठ वेढे मोजत हलत राहायचे. मध्येच कोणी हाक मारली तर तार गुंडाळणारा, म्हणजे वाइंडर, ओ देत नसे. मोजणी चुकली की सगळं वेटोळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून येणाऱ्याला वाटे, मोठ्या माणसांना कोणी पाढे पाठ करायला बसवलंय.

मशीन आलं त्या दिवशी फोटो निघाले. साहेबांनी भाषण केलं. "मशीन माणसाच्या मदतीला आलंय, माणसाच्या जागी नाही," असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये ताई होत्या.

ताई म्हणजे कर्मचारी विभागातल्या ज्येष्ठ कारकून. वय पन्नासच्या आसपास, नोकरी एकोणीस वर्षांची. अख्खा कारखाना त्यांना ताई म्हणे. कोणाच्या आईचं ऑपरेशन झालंय, कोणाचं सासऱ्याशी बिनसलंय, कोणाला लिहिता येत नाही पण तसं सांगायची लाज वाटते, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. रजेचा अर्ज अडला की माणूस त्यांच्याकडे धावायचा. "ताई, तुम्ही सांगा, मी लिहितो," ही त्यांच्या टेबलासमोरची नेहमीची ओळ.

त्या कंपनीत कोणाला काढत नसत. कंपनी ही गोष्ट छाती फुगवून सांगे आणि कागदोपत्री ती अगदी खरी होती. तिथली माणसं स्वखुशीने जात.

ती स्वखुशी अशी. गुरुवारी साहेबांकडून यादी येई. यादीतल्या माणसाला वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बोलावत. तो जिना चढत असतानाच खाली पहारेकरी त्याचं कपाट उघडून डबा, चपला, टॉवेल पिशवीत भरून मागच्या फाटकावर नेऊन ठेवी. खोलीत एक गोल टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग, कोरे कागद आणि कार्बन. समोर ताई. "ये, बस. आधी पाणी पी." मग कंपनीची अडचण, मग त्याच्या चांगल्या कामाचं कौतुक, मग तो मुद्दा. राजीनामा दिलास तर अनुभवाचा चांगला दाखला मिळेल, दुसरीकडे नोकरी लागेल. नाही दिलास तर कंपनीला दुसरा मार्ग धरावा लागेल आणि नावाला डाग लागेल. माणूस सुन्न होऊन विचारी, "काय लिहायचं?" आणि ताई सांगत. पंधरा मिनिटांत पत्र पुरं होई; मूळ कागद कंपनीकडे, कार्बनची प्रत माणसाच्या हातात. माणूस मागच्या फाटकाने बाहेर पडे. त्याला कोणाला तोंड दाखवायला लागू नये, ही कंपनीची माया. संध्याकाळी फळ्यावर चिठ्ठी लागे की अमुक यांनी स्वखुशीने सेवा सोडली आहे, त्यांना शुभेच्छा.

पाण्याची कल्पना ताईंची होती. आधीचे साहेब आरडाओरडा करून पत्रं लिहून घेत. एकदा पॅकिंगमधली एक बाई तिथेच चक्कर येऊन पडली. तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "अहो, माणसाला आधी पाणी तरी द्या." नवे साहेब हुशार निघाले. त्यांनी ते सगळं कामच ताईंकडे सोपवलं. "बाई, तुमच्यामुळे इथे कधी आवाज चढत नाही," असं ते म्हणत, आणि ताईंना ते बरं वाटे. खोटं कशाला सांगा, अभिमान वाटे. त्यांच्या खणात एका पुठ्ठ्यावर चार कारणं लिहून ठेवलेली होती. प्रकृती, आईवडिलांची देखभाल, मुलांचं शिक्षण, दुसऱ्या गावी बिऱ्हाड. माणसाचं वय बघून त्यांतलं एक निवडायचं.

मशीन आल्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी सकाळी ताई घाईघाईने चहा पीत होत्या. त्यांचे यजमान शिंपी. घरातच पुढच्या खोलीत त्यांचं पायमशीन होतं. तोंडात दोरा धरून त्यांनी विचारलं, "आज किती जणांना स्वखुशी व्हायचीय?"

"सकाळी सकाळी टोमणे नकोत. पाच."

"एका दिवसात पाच? साथ आली म्हणायची."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! मी नसते तर तिथे दटावून, धमकावून लिहून घेतलं असतं."

शिंपीबुवांनी दोरा तोडला. "मग निदान त्या माणसाला कळलं असतं की आपल्याला हाकलतायत. घरी जाऊन कंपनीला चार शिव्या तरी दिल्या असत्या. तुझ्याकडून जातो तो स्वतःलाच दोष देत जातो."

ताईंनी कप आपटून ठेवला आणि त्या निघाल्या. दिवसभर त्यांना नवऱ्याचा राग येत राहिला. त्याच्या बोलण्यात चूक सापडेना, म्हणून राग आणखी वाढला.

पाचवं नाव वाइंडरचं होतं. विभागात वाइंडर आठ होते, पण नुसतं वाइंडर म्हटलं की हाच डोळ्यांसमोर येई. बेचाळीस वर्षांचा, बारीक, कमी बोलणारा. त्याची मोजणी कधी चुकत नसे. ताईंच्या घरचा जळलेला पंखा त्याने दोनदा बांधून दिला होता आणि चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला दिवस भरले आणि मूल मेलेलं जन्मलं, तेव्हा ताई दोन दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यानंतर त्या दोघांना मूल झालं नाही.

हे सगळं ताईंना माहीत होतं. पण जेवणाच्या सुट्टीआधी पाच पत्रं संपवायची होती, चार झाली होती, आणि पाचवा माणूस बेचाळीसचा होता.

"ताई, माझं काही चुकलं का?" बसल्या बसल्या त्याने विचारलं.

"तुझं? तुझ्यासारखा कामगार शोधून सापडायचा नाही. आधी पाणी पी बघू."

तो प्याला. सगळं ऐकून घेतलं. कागदाखाली कार्बन त्यानेच नीट सरळ करून ठेवला.

"लिही. मी माझ्या स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय... झालं? मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्यासाठी नोकरीचा राजीनामा देत आहे."

पेन थांबलं. वाइंडरने मान वर करून ताईंकडे एकदा बघितलं.

"लिही, लिही," ताई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "नुसती पद्धत असते."

त्याने लिहिलं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला वाइंडरची बायको ताईंच्या दारात उभी राहिली. ती एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. मनगटांवर चटक्यांचे जुने डाग होते. ताईंनी "ये गं, बस" म्हटलं. ती बसली नाही. पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिने ताईंच्या हातात दिला.

"तुम्ही सांगितलंत म्हणे हे. वाचा."

ताईंनी वाचलं.

"कुठल्या मुलांचं शिक्षण, ताई?" तिचा आवाज अगदी साधा होता. "मला कळू दे तरी. मुलगा आहे की मुलगी? कितवीत शिकतंय?"

"अगं, चुकून... गडबडीत..."

"तुम्ही माझ्या उशाशी बसला होतात. त्याला कापडात गुंडाळलं ते तुम्ही बघितलंत. मीसुद्धा बघितलं नाही, तुम्ही बघितलंत."

पुढच्या खोलीतलं पायमशीन थांबलं होतं.

"दुसरा कोणी असता तर मी भांडले असते," ती म्हणाली. "तुम्ही केसाने गळा कापलात. हे म्हणतात, ताईंनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. अजून म्हणतात! तीन दिवस घरातला पंखा उलगडतात आणि पुन्हा गुंडाळतात. मोजतात आणि उलगडतात. मी उद्या कामगार कचेरीत जाणार आहे. तुम्हाला सांगायला आले, पाठीमागून केलं असं व्हायला नको. ती सवय तुमची."

ती गेली. शिंपीबुवांचं मशीन पुन्हा चालू झालं. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

दहा दिवसांनी कामगार कचेरीची नोटीस कारखान्यात आली. साहेबांनी फाइल मागवली, पत्र वाचलं आणि ताईंना बोलावून घेतलं.

"बाई, हे काय लिहून घेतलंत? याला मुलंच नाहीत!"

"हो साहेब. चूक झाली माझी. फार वाईट झालं."

"वाईट नाही, निष्काळजीपणा! इतकी वर्षं एक पत्र वावगं गेलं नाही, आणि आता हे. कचेरीतली बाई उद्या यावरच बोट ठेवून विचारेल." साहेब खुर्चीत मागे रेलले आणि लगेच त्यांचा आवाज मऊ झाला. त्या आवाजात ताईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "हे बघा, दुरुस्त होण्यासारखं आहे. त्याच्या घरी जा. प्रकृतीचं कारण घालून दुसरं पत्र लिहून आणा, तारीख तीच. त्याचा दाखला मी सही करून ठेवलाय, पत्राच्या बदल्यात देऊन टाका. तो तुमचं ऐकेल."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तुमचं? अहो, तुम्हाला आजवर कोण नाही म्हणालंय?"

शनिवारी दुपारी ताई पिशवीत कोरे कागद, कार्बन आणि दाखला घेऊन वाइंडरच्या घरी गेल्या. दोन खोल्या, तिसरा मजला. दार बायकोने उघडलं आणि ती बाजूला झाली. वाइंडर टेबलाशी बसला होता. समोर पंख्याचं रिकामं पोट आणि तारेचा गुंता. ताईंना बघून तो गडबडीने उठला, शर्टाची बटणं लावली, खुर्ची पुसली.

"ताईंना पाणी दे," तो बायकोला म्हणाला.

"नको," ताई एकदम म्हणाल्या.

कशाला आलोय ते त्यांनी सांगितलं. सांगताना दाखला बाहेर काढून टेबलावर ठेवला. हाताला सवय होती. बायको भिंतीला टेकून ऐकत होती.

"म्हणजे माझं मूल खोडायचं," ती म्हणाली, "आणि यांना आजारी पाडायचं. छान. उद्या कचेरीत तेही टिकलं नाही की मग काय लिहून घ्याल? मेले म्हणून?"

"तू गप्प बस," वाइंडर हळूच म्हणाला. "ताई उन्हातून आल्यात. दाखल्याशिवाय मला कुठे उभं करत नाहीत, हे तुलाही माहीत आहे." त्याने तारेचा गुंता बाजूला सारला, कोरा कागद पुढे ओढला, खाली कार्बन ठेवला, कडा जुळवल्या. पेनाचं टोपण काढलं आणि मान वर केली.

"सांगा ताई. काय लिहू?"

एकोणीस वर्षांत ही ओळ त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती. ती ऐकली की त्यांना आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटे. आज त्यांचं लक्ष त्या हाताकडे गेलं. तो अगदी स्थिर होता. काहीही सांगितलं असतं तरी त्याने लिहिलं असतं. मी चोर आहे, असं सांगितलं असतं तरी. ताईंनी सांगितलं म्हणून.

ताईंनी तोंड उघडलं. प्रकृती हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला.

"ताई?"

त्यांनी कागद त्याच्या पुढून ओढून आपल्याकडे फिरवला. "पेन दे इकडे. आज मी लिहिते. त्या दिवशी तू जिना चढलास तिथपासून सांग. मी काय बोलले, तू काय बोललास, सगळं. काही गाळू नकोस."

तो गोंधळला. बायकोकडे बघू लागला.

"मला नाही सांगता यायचं," तो म्हणाला. "तुम्ही माझ्याशी चांगलंच वागलात."

"तेही सांग. तेही लिहिते."

मग एकेक वाक्य आलं. पाणी, कौतुक, डाग, दाखला. कार्बन सरळ केला ते. मुलांच्या शिक्षणापाशी तो थांबला. "तेव्हा मला वाटलं," तो म्हणाला, "यांनासुद्धा आठवत नाही, तर मग आता कशाला काय अर्थ आहे? म्हणून लिहून टाकलं."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि अक्षर धूसर झालं.

"रडू नका," बायको भिंतीपासून म्हणाली. "तुमचं रडणं आम्हाला काही कामाचं नाही. लिहा."

त्यांनी डोळे पुसले आणि लिहिलं. चार पानं झाली. खाली लिहिलं, वरील सर्व माझ्यासमोर घडले, पत्रातला प्रत्येक शब्द मी सांगितला, आणि सही केली. दाखला टेबलावरच ठेवला. तो वाइंडरच्या कामाचा होता, त्याच्या बदल्यात काही घ्यायचं नव्हतं.

साहेबांनी सोमवारी दुपारी विचारलं, "आणलंत?"

"लिहिलंय. पण ते मी कचेरीत दिलं."

साहेबांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दार लावलं आणि स्वतःच्या हाताने पाण्याच्या जगमधून पेला भरून ताईंपुढे ठेवला.

"बसा बाई. तुमचं वय झालंय, दगदग होतेय. यजमानांचीही काळजी घ्यायला हवी. असं करू या, दोन ओळी लिहा..."

"नाही लिहिणार."

"चांगला दाखला देईन."

"मला काढायचं असेल तर काढा. तुमच्या शब्दांत, तुमच्या सहीने. आणि मी पुढच्या फाटकाने जाणार, सुट्टीची घंटा होईल तेव्हा. चौकटीत उभी राहून सगळ्यांना तोंड दाखवणार."

साहेब उठून उभे राहिले. आवाज मऊ राहिला नव्हता. "हरामखोर निघालात तुम्ही! एकोणीस वर्षं खाल्लंत इथलं!"

"खाल्लं खरं," ताई म्हणाल्या. "तेच सांगायला कचेरीत जाणार आहे."

सुनावणीत अधिकारी बाईंनी विचारलं, अशी किती पत्रं लिहून घेतलीत? ताई म्हणाल्या, एकशे त्रेसष्ट. सगळी पत्रं मागवली गेली. सात वर्षांची, निरनिराळ्या माणसांची, निरनिराळ्या अक्षरांतली, आणि वाक्यं तीच. कंपनीच्या वकिलाने विचारलं, यात बळजबरी कुठे आहे? बाईंनी तर सगळ्यांना पाणी दिलं. कोणीतरी हसलं. ताई म्हणाल्या, "म्हणूनच. आरडाओरडा झाला असता तर यांतल्या निम्म्यांनी पेन फेकून दिलं असतं."

वाइंडरला परत घेण्याचा हुकूम झाला. तो गेला. त्याला नव्या मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं, काहीच काम न देता. दीड महिना तो तिथे बसला आणि एके दिवशी उठून घरी आला. पुढे त्याने जिन्याखाली मोटारी बांधून द्यायचं छोटं दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. त्याची बायको लाँड्रीत राहिली, पुढे तिथली मुकादम झाली. ताई दिसल्या की ती रस्ता बदलत नसे, पण बोलतही नसे. त्यात काही चूक होती असं कोणी म्हणू नये.

साहेब त्याहून मोठ्या कंपनीत गेले. माणसांना सन्मानाने निरोप कसा द्यावा यावर ते व्याख्यानं देत आणि लोक वही उघडून टिपून घेत. कारखाना आणखी बारा वर्षं चालला, मग जागा विकली गेली. त्या मशीनचंही भंगार झालं. शिंपीबुवा डोळे अधू होईपर्यंत शिवत राहिले. ताईंना कंपनीने स्वतःच्या सहीने काढलं. ते पत्र मिळालं त्या दिवशी शिंपीबुवांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे मात्र खरं पत्र."

आणि ताई? त्यांनी एकशे त्रेसष्ट पत्ते वहीत उतरवून काढले आणि एकेका दारात जायला सुरुवात केली. बोलायचं एवढंच की तुमच्या पत्रातले शब्द माझे होते, तुमचे नव्हते. कचेरीत तसं सांगायचं असेल तर मी साक्षीला येते. काहींनी दार लावून घेतलं. एकाने अंगावर खरकटं पाणी फेकलं. पन्नासेक जण कचेरीत आले, त्यांतल्या थोड्यांना काही मिळालं. आज कंपन्या पत्रसुद्धा लिहून घेत नाहीत, सकाळी दाराचं कार्ड चालेनासं होतं आणि माणूस बाहेर. पण ती गोड भाषा तशीच आहे, आणि ती बोलणारा कोणीतरी चांगला माणूस अजून प्रत्येक ठिकाणी सापडतो. साहेबांना तो शोधावा लागत नाही.

एकशे सातव्या पत्त्यावर रंगखात्यातला एक कामगार राहत असे. तो वारला होता. दार त्याच्या मुलीने उघडलं. बावीस-तेवीसची असेल, बेकरीत कामाला होती. वडिलांचं नाव काढताच तिने ताईंना आत बसवलं आणि कपाटातून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागद आणला.

"बाबा फार मोठ्या मनाचे होते," ती म्हणाली. "आमच्या शिक्षणासाठी त्यांनी नोकरी सोडली. बघा, लिहून ठेवलंय. कधी बोलून दाखवलं नाही त्यांनी. मग मला राहवेना. नववीतच शाळा सोडली मी आणि कामाला लागले. म्हटलं, आपल्यापायी बाबांची ही दशा नको."

त्या क्षणी गप्प बसणं फार सोपं होतं. ती मुलगी आनंदात होती. ताईंनी पाकीट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती ओळ कोणाची, खोली कोणती, पुठ्ठ्यावर कारणं किती होती, ते सगळं.

मुलीने पाकीट उचलून ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे बाबांनी आमच्यासाठी सोडली नव्हती."

"नाही."

"मग मी शाळा कशासाठी सोडली?"

ताईंनी वही काढली, तिच्या बाबांच्या नावापुढे तिचा प्रश्न, तिच्याच शब्दांत, लिहून घेतला. मग तिला तो वाचून दाखवला, बरोबर लिहिलाय ना ते विचारलं. तिने मान हलवली. ताई उठल्या आणि एकशे आठव्या पत्त्याकडे निघाल्या.